जगदाळे सरांचं शून्य

एका गावात एक हायस्कूल होतं आणि तिथे गणित शिकवायला जगदाळे सर होते. उत्तर बरोबर पण पायऱ्या नाहीत, तर सर लाल पेनाने सरळ शून्य द्यायचे. ताळा करून पाहिल्याशिवाय वही मिटू द्यायचे नाहीत. मुलं जाम वैतागायची. आज तीच माणसं चौकटीच्या वह्या आणि खडूची धूळ आठवून हळवी होतात, हा भाग वेगळा.

त्या वर्षी तालुक्याच्या मुलींच्या वसतिगृहात गावासाठी एकच जागा होती. दहावीनंतर शिकू पाहणाऱ्या मुली मात्र चार होत्या: रंजना, विमल, शालन आणि यमुना. यमुना लांबच्या वाडीवरून चालत यायची. जागा मिळाली नाही तर तिचं शिक्षण संपलं, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

सरांनी खडूच्या खोक्यात चार चिठ्ठ्या टाकल्या. एकीवर ‘जागा’ लिहिलं होतं, तीन कोऱ्या होत्या. हजेरीपटाच्या क्रमाने उचलायच्या आणि शेवटी सगळ्यांनी एकदम उघडायच्या, असं ठरलं. यमुनाचं नाव शेवटचं होतं. तिचा चेहरा पाहून सरांना राहवेना.

“यमुना, आधी तू उचल,” ते म्हणाले.

विमल ताडकन उठली. “का सर? आम्ही काय उरल्यासुरल्यातलं घ्यायचं?”

“शेवटी येणाऱ्याला संधी कमीच मिळते. एवढं सांगायला गणित कशाला लागतंय?”

यमुना जागची हलली नाही. तिने हळूच विचारलं, “सर, पायऱ्या?”

सरांच्या कानशिलापर्यंत लाली चढली. एका दटावणीत विषय संपला असता. पण त्यांनी खडू तिच्यापुढे धरला.

यमुनाने फळ्यावर लिहिलं. पहिलीची संधी १/४. दुसरीला जागा मिळायची तर पहिलीची चिठ्ठी कोरी निघायला हवी, म्हणून ३/४ × १/३, म्हणजे १/४. तिसरीसाठी ३/४ × २/३ × १/२, पुन्हा १/४. चौथीसाठी पहिल्या तिघींच्या चिठ्ठ्या कोऱ्या हव्यात, म्हणून ३/४ × २/३ × १/२, तेही १/४. मग तिने ताळा केला. चारही संधींची बेरीज बरोबर एक आली.

सरांनी गुणांची वही उघडली. मुलांच्या नावांखाली स्वतःचं नाव घातलं आणि पुढे लाल पेनाने लिहिलं, ‘पायऱ्या नाहीत. शून्य.’ ते त्यांनी वर्गाला मोठ्याने वाचूनही दाखवलं.

यमुनाने चिठ्ठी शेवटीच उचलली. ती कोरी निघाली. जागा रंजनाला मिळाली.

फाटकापाशी यमुनाचे वडील, तुकाराम, वाट पाहत उभे होते. “आधीच ठरलेलं असणार,” ते म्हणाले. “आपल्यासारख्याला कोण देतंय!”

“नाही, आबा,” यमुना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिथेच मातीत बसून तिने चार खडे मांडले आणि सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून समजावल्या. सरांच्या शून्याचंही सांगितलं.

तुकारामांनी ते चारही खडे उचलून हातात घेतले. तालुक्याला त्यांची बहीण राहायची. पण बहिणीच्या दारी पोरगी ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटायचं, म्हणून तिला कधी विचारलंच नव्हतं.

“एवढा मोठा मास्तर सगळ्यांसमोर चुकलो म्हणतो,” ते म्हणाले, “मग मला बहिणीला विचारायला कसली लाज? चल, आजच जाऊन येऊ.”

पुढे यमुना त्याच शाळेत गणिताची बाई झाली. जगदाळे सर गेले, त्या वर्षी जुन्या कपाटात तिला ती वही सापडली. कागद पिवळा पडला होता, लाल शाई फिकटली होती. तिला आपल्या त्या वर्गाची फार आठवण आली आणि ती तिथेच उभ्या उभ्या रडली. मग तिने पेन उघडलं आणि सरांच्या शून्याखाली लिहिलं, ‘चूक दुरुस्त केली. पैकीच्या पैकी.’

तात्पर्य: आपली चूक मोकळेपणाने मान्य करणारा माणूस दुसऱ्यालाही त्याचा हट्ट सोडायचं बळ देतो.