आधी टोपलीभर गाळ

चर्चच्या मागे हे जे टेकाड दिसतंय ना, त्यावर चढून फोटो काढू नका. दर रविवारी कोणी ना कोणी चढतं आणि दर रविवारी मलाच ओरडावं लागतं. मी इनास. माडखेतच्या या चर्चची घंटा वाजवतो, चाळीस वर्षं झाली. आमचा हा वसईकडचा मुलूख ताटासारखा सपाट, समुद्रापासून इथवर दुसरं टेकाड नाही. हे देवानं केलेलं नाही. माणसांनी केलंय, तेही तक्रारी करून करून. शेजारी पायऱ्यांचं तळं आहे, त्याला आम्ही बावखल म्हणतो. टेकाडाची सगळी माती त्यातलीच. सावलीत बसा, सांगतो. मध्ये बोलू नका, काय विचारायचं ते शेवटी विचारा.

फिरंग्यांचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. माडखेतला पाद्री होता म्हणायचा, पण तो राहायचा किल्ल्यात. त्याच्याकडे अशी पाच गावं. माणूस गेला की हा चौथ्या दिवशी उगवायचा. लोक विटले होते. मग त्याच्या जागी बेल्शोर नावाचा पाद्री आला. अनवाणी चालायचा, गावातच झोपडीत राहायचा, पेज पिऊन दिवस काढायचा. लोकांना वाटलं, देव पावला.

त्याच्यापाशी हातानं लिहिलेलं एक जुनं पुस्तक होतं, असं सांगतात. त्याच्याही आधी पाचशे वर्षं तिकडे युरोपात चर्च बिघडलं होतं म्हणे. सरदार आपल्या मेहुण्याला बिशप करायचे, पदं विकली जायची, धर्मगुरू आपल्या गावाचं तोंड बघायचे नाहीत. तेव्हा मठातल्या काही संन्याशांनी ध्यास घेतला, की चर्च पुन्हा येशूच्या शिष्यांच्या वेळी होतं तसं करायचं. त्यांचे नियम त्या पुस्तकात होते आणि बेल्शोर पाद्रीला ते तोंडपाठ होते. चांगलीच गोष्ट. पण चांगल्या गोष्टीलाही कुठे थांबायचं ते कळावं लागतं.

दर रविवारी नवा नियम. जमीनदाराचं पुढचं बाक काढलं, लोक खूश. लग्नातला ढोल बंद केला, निम्मे खूश. मग आला बाप्तिस्म्याचा नियम. पूर्वी बाळ अशक्त जन्मलं तर सुईणच घागरीतलं पाणी त्याच्या डोक्यावर घालायची आणि नाव ठेवायची. पाद्री म्हणाला, हे बंद. पाणी चर्चच्या बावखलातलंच, नितळ, आणि हात पाद्रीचाच.

मग गावालाही सुधारणेचं वेड लागलं. चिंचेखाली रोज सभा. एक तट म्हणायचा, पाद्रीनं शिष्यांसारखं राबून खावं. दुसरा म्हणायचा, मातीनं भरलेले हात वेदीला कसे लावणार? या भांडणात उन्हाळा आला. दर उन्हाळ्यात सगळा गाव मिळून बावखलातला गाळ काढायचा. त्या वर्षी कोणी टोपली उचलली नाही. गाळ काढायचा तो कोणाच्या नियमानं, यावरच म्हणे तीन सभा झाल्या. काय बोलणार, माझेच पूर्वज.

गावात आंजेलीन नावाची बाई होती, मिठागरात राबणारी. नवरा गलबतावर. तिचं पहिलं बाळ मेलेलंच जन्मलं होतं. बाप्तिस्मा नाही, म्हणून त्या काळच्या रीतीनं ते चर्चच्या दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं होतं. तिथून जाताना ती मान वर करायची नाही. आता दुसरं बाळ चार दिवसांचं होतं आणि त्याला धड श्वास घेता येत नव्हता. सुईणीला सोबत घेऊन ती सकाळीच चर्चपाशी आली.

"पाद्री, याला नाव द्या," ती म्हणाली. "हा तरी कुंपणाच्या आत राहू दे."

पाद्री बावखलाकडे धावला. आत नुसता चिखल. तो पुस्तक उघडून पानं चाळत बसला. सभेचे लोक काठावर जमले. कोणी म्हणालं विहिरीचं पाणी चालेल, कोणी म्हणालं मग नियम केलाच कशाला. बाळ धापा टाकतंय आणि हे वाद घालतायत. मला आजही राग येतो.

आंजेलीननं बाळ सुईणीच्या हातात दिलं, पडलेली टोपली उचलली आणि चार दिवसांची ती बाळंतीण पायऱ्या उतरली.

"तुमचं चालू द्या," ती म्हणाली. "मला ओंजळभर पाणी हवंय."

तिनं दहा टोपल्या गाळ काढल्यावर पाद्रीनं पुस्तक पायरीवर ठेवलं आणि झग्यासकट तोही उतरला. तेव्हा काठावरून एक जण म्हणाला म्हणे, "बघा, आमचाच मुद्दा खरा ठरला." सुईणीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तोच आधी खाली उतरला आणि मागोमाग बाकीचे. दुपारी पाझर फुटला. पाणी गढूळ होतं. पाद्रीनं तेच ओंजळीत घेतलं, आपलाच नियम मोडला आणि बाळाचं नाव मानुएल ठेवलं.

मानुएल ऐंशी वर्षं जगला, असं शेजारच्या गावात सांगतात. त्यांना गोष्ट गोड लागते. तो तिसऱ्या दिवशी गेला. पण कुंपणाच्या आत पुरला, नावासकट. आमची जमीन रेताड, कुत्री उकरतात. म्हणून पाद्रीनं बावखलातला गाळ आणून त्या इवल्या थडग्यावर थापला. सुईणीचा हक्क तिला परत दिला. आणि शपथ घातली, की ज्याला या चर्चमध्ये काही बदलायचं असेल, त्यानं आधी टोपलीभर गाळ या बाळावर आणून घालावा, मग तोंड उघडावं. मरेपर्यंत सगळ्यात जास्त टोपल्या पाद्रीनंच वाहिल्या, कारण बदलायचं त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

आजही आमचं बावखल मे महिन्यात आटत नाही. बिशपांकडून माणूस आला तरी त्याला टोपली घ्यावी लागते. हल्ली पोरं मोबाईलवर तक्रारी पाठवतात. त्यानं गाळ निघत नाही, खालच्या दोन पायऱ्या गाळात बुडाल्यात.

मघाशी तुमच्यातलं कोणी म्हणालं, इथे कठडा हवा, माहितीची पाटी हवी. हवीच. टोपली त्या पायरीवर आहे. भरून आणा, मग आपण बोलू. फक्त ओतताना हळू ओता. खाली मूल आहे.