भुरू आणि वाटेवरचा मामा

लांब लांब, समुद्राच्या पलीकडे, एक माळ होता. माळावर गवत होतं. तुझ्याहून उंच.

त्या गवतात रानगिनीपिग राहायचे. माणसांनी पाळलेले नाहीत बरं का, रानातलेच. मातकट रंगाचे, गोलमटोल. आणि शेपटी? शोधून शोधून दमशील. नाहीच मुळी.

त्यांच्यात एक पिल्लू होतं. त्याचं नाव भुरू. भुरू आज सकाळीच जन्मली होती. जन्मली आणि लगेच चालायला लागली. तुरू तुरू, तुरू तुरू.

गिनीपिगांची गवतात एक वाट असते. रोज त्याच वाटेने जायचं, त्याच वाटेने यायचं. जाऊन येऊन गवतात बोगदाच होतो. आई पुढे, पिल्लं मागे. एकाचं नाक दुसऱ्याच्या बुडाला. रांग सोडायची नाही, कारण वर घार फिरते.

भुरूने रांग सोडली. हिरवा किडा दिसला, तो बघत बसली. काय म्हणावं आता.

आणि धप्प!

वाटेवर कोण बसलं? कॅपीबारामामा. गिनीपिगांचाच लांबचा नातेवाईक, पण मेंढीएवढा मोठा. एका बाजूला पाणी, एका बाजूला काटे, मध्ये मामा.

आई पलीकडे. भुरू अलीकडे. पलीकडून आई हाका मारते, "कुईं कुईं." अलीकडून भुरू रडते, "कुईं कुईं." पोटात भूक. आईचं दूध पलीकडे.

भुरू म्हणाली, "मामा, मामा, ऊठ ना. मामा उठला की वाट मिळेल. वाट मिळाली की आई भेटेल."

मामा म्हणाला, "कसा उठू गं बाळा? गोचिडी चावतात, पाठ खाजते. उभं राहवत नाही. पक्षीताई येऊन गोचिडी टिपेल, तर मी उठेन."

मामा वाईट नव्हता हं. पाठ खाजली की कुणालाही काही सुचत नाही.

भुरू मागे फिरली. तुरू तुरू, तुरू तुरू. झुडपात पिवळी पक्षीताई होती.

"ताई, ताई, चल ना. ताई आली की मामा उठेल. मामा उठला की वाट मिळेल. वाट मिळाली की आई भेटेल."

पक्षीताई म्हणाली, "मला कुठला वेळ? घरटं अर्धंच झालंय. उद्या अंडी कुठे ठेवू, डोक्यावर? घोडेदादा केस देईल, तर मी येईन."

भुरू निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. माळावर घोडेदादा उभा होता.

"दादा, दादा, केस दे ना. केस मिळाले की ताई येईल. ताई आली की मामा उठेल. मामा उठला की वाट मिळेल. वाट मिळाली की आई भेटेल."

घोडेदादा म्हणाला, "उपाशी आहे गं मी. हे उंच गवत जून झालंय, चावत नाही. मान हलवायचंसुद्धा त्राण नाही. कोवळं गवत मिळेल, तर मी केस देईन."

भुरू निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. पाय दुखले बिचारीचे. लांबून आईची हाक आली, "कुईं कुईं." भुरूला रडू आलं. पण थांबली नाही. पुढे जमिनीलगत कोवळं गवत दडलं होतं.

"गवता, गवता, वर ये ना. गवत मिळालं की दादा खाईल. दादाने खाल्लं की केस मिळतील. केस मिळाले की ताई येईल. ताई आली की मामा उठेल. मामा उठला की वाट मिळेल. वाट मिळाली की आई भेटेल."

कोवळं गवत खालून म्हणालं, "येऊ कसं? डोक्यावर वाळकं गवत पडलंय. ते कुणी कुरतडेल, तर मी वर येईन."

"कोण कुरतडेल?"

"तू."

"मी? मी तर आजच जन्मले."

"तोंड उघड बघू."

भुरूने आ केला. आत काय होतं? दात! गिनीपिगाचं पिल्लू दात घेऊनच जन्मतं. तू जन्मलास तेव्हा होते का तुला दात? छे, नुसतं बोळकं.

भुरूने वाळकी काडी धरली. कुरुम कुरुम. दुसरी धरली. कुरुम कुरुम. वाळकं गवत बाजूला झालं. कोवळं गवत वर आलं, हिरवंगार.

गवत मिळालं, दादाने खाल्लं. मचमच, मचमच.

दादाने खाल्लं, मान झाडली. फुर्रर. केस मिळाले.

केस मिळाले, ताईचं घरटं झालं. ताई आली. भुर्र.

ताई आली, गोचिडी टिपल्या. टुक टुक, टुक टुक. "अहाहा," मामा म्हणाला, "जरा डावीकडे."

मग मामा उठला. हुश्श. "एवढीशी तू, आणि माझ्यामुळे केवढी दमलीस गं," मामा म्हणाला. डुलत डुलत पाण्यात गेला.

वाट मिळाली.

भुरू धावली. तुरू तुरू तुरू तुरू तुरू. आई धावली. नाकाला नाक लागलं. आईने तिला हुंगलं. कान हुंगले, पाय हुंगले, पोट हुंगलं.

"कुठे होतीस गं?" आई म्हणाली. "जीव किती घाबरला माझा. कुठे होतीस?"

भुरू बोलणार कशी? तोंडात दूध होतं.

भुरू शिरली आईच्या कुशीत, तूही ये माझ्या कुशीत. झाली गोष्ट.