राहेलबाईचा दोर

मंडळी, शांतवन महाराज तेव्हा प्रवरेकाठच्या बोरखडीत मुक्कामाला होते. कमरेला जाडंभरडं धोतर, खांद्यावर घोंगडी अन् ओठांवर प्रभू येशूचं नाव. तिथल्या ख्रिस्ती मंडळीनं नवं देऊळ बांधलं होतं. घंटाही आली होती. दोर तेवढा राहिला होता.

तो वळायची सेवा राहेलबाईनं मागून घेतली. एकटी विधवा बाई. दोर वळणं हे तिच्या घरचंच काम. घायपाताची पानं कुजवून, धुऊन तिनं त्यातला पांढराशुभ्र धागा, वाख, काढला. आता रोज थोडा पीळ घालायची, बोटांनी चाचपायची, अन् कुठं सैल लागला की सगळा उकलायची!

मंडळीचे कारभारी थोमाजी. देऊळ त्यांच्या देखरेखीत उभं राहिलं, त्यामुळं मिशीला भलताच पीळ. तिच्या अंगणात येऊन म्हणाले, "काय राहेलबाई, घंटा वाजवायचीय आपल्याला, हत्ती बांधायचा न्हाई!"

आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. राहेलबाई मान खाली घालून म्हणाली, "देवाच्या दारात लावायचाय, दादा. सैल कसा देऊ?"

"देव काय पीळ मोजत बसतोय व्हय? ऐतवारी देऊळ उघडायचंय. मी बाजारातनं आणतो दोर. तुझा राहू दे गाय बांधायला."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. महाराज तिथंच वाख विंचरत बसले होते. ते म्हणाले, "थोमाजी, आपला प्रभू सुताराच्या घरात वाढला. त्याच्या हातचं जू बैलाच्या मानेला काचलं असंल का रे?"

तरी थोमाजी शनिवारी बाजारचा दोर घेऊन आलेच. त्याच दिवशी राहेलबाईचाही दोर पुरा झाला. तिनं तो आणून देवळाच्या पायरीवर ठेवला. "हा ऱ्हाऊ दे बाजूला," म्हणत थोमाजी देवळामागच्या विहिरीतलं पाणी बघायला गेले. जुनी, पडीक विहीर. काठावर पाय दिला मात्र, दगड निसटला अन् कारभारी खाली!

एकच आरडाओरडा झाला. विहीर सहा पुरुष खोल, सहा माणसं एकावर एक उभी राहतील एवढी; पायऱ्या नाहीत. थोमाजींना पोहता येत नव्हतं. कशीबशी एक कपार धरून ओरडत होते, "वाचवा! हात सुटतोय!"

पोरांनी बाजारचा लांबलचक दोर सोडला. थोमाजींनी तो कमरेला बांधला. थोडं वर ओढलं तोच तटकन तुटला. कारभारी पुन्हा पाण्यात! एकदा बुडाले, वर आले, कपार सापडली. आता ओरडायचंही बळ नव्हतं.

"राहेलबाईचा आणा!" महाराज म्हणाले.

पोरं म्हणाली, "महाराज, तो घंटेपुरता. दोन पुरुष भरंल. निम्म्यातसुद्धा जायचा न्हाई."

"सोडा खाली." महाराजांनी गुडघे टेकले, डोळे मिटले. "प्रभो, तुझ्या लेकीनं तुझ्यासाठी वळलाय. आता तू बघ."

पोरांनी दोर सोडला. सोडत गेले. हातातून जात होता, संपत नव्हता! अन् खालून क्षीण आवाज आला, "घावला!"

दहा जणांनी ओढलं. दोर करकरला, काठावर घासला, पण त्यातला एकही धागा सुटला नाही. थोमाजी वर आले.

त्यांच्या कमरेचा दोर सोडून बघतात तर काय, होता तेवढाच! दोन पुरुष!

थोमाजी महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज, एवढासा दोर पुरला कसा?"

महाराजांनी त्यांना धरून बसवलं. "लांबी देवानं दिली, बाबा. त्याला काय अवघड? पण पीळ त्यानं हिच्यावर सोपवला होता. हिनं तो सैल ठेवला असता, तर एवढ्या लांब दोराचं तू काय केलं असतंस?"

थोमाजी उठले, राहेलबाईपुढं आले. वाखानं चिरलेले तिचे तळहात त्यांनी पाहिले, अन् सगळ्या मंडळीदेखत तिथंच जमिनीवर डोकं टेकलं.

राहेलबाई लाजली, चार पावलं मागं सरली. "उठा कारभारी. दोर भिजलाय, तसाच ठेवला तर कुजंल. धरा, ताणून वाळत घालू."

थोमाजींनी डोळे पुसले अन् दोर हातात घेतला.