शब्द न् शब्द

सोसायटीच्या हॉलमधल्या सिनेमासाठी शाल्मलीने अख्खी सुट्टी घालवून दोन छोटे स्पीकर तयार केले. आत उशीचा कापूस भरला, खाली रबर लावलं आणि बसणाऱ्यांच्या कानांच्या उंचीवर ठेवले.

अध्यक्ष टिपणीसकाका म्हणाले, "ही खेळणी काढ. माझे कमरेएवढे स्पीकर आहेत. शब्द न् शब्द कळतो."

त्यांचे स्पीकर लागले. मराठी सिनेमा सुरू झाला, भिंती थरथरल्या. शाल्मलीने रिमोटने पडद्याखालच्या इंग्रजी ओळी तेवढ्या बंद केल्या.

थोड्या वेळाने काका आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "अगं, त्या ओळी लाव. हा काय बोलतोय ते कळत नाही."

"काका, तो मराठीतच बोलतोय."

मध्यंतरात काकांनीच उठून खेळण्यांच्या वायरी जोडल्या.