कुणालाही जमेल असं पान

"मग यात खोट कुठे आहे, तेवढं तरी सांगा."

श्रीनाथ गुळवणीने पुन्हा विचारलं. कुमुदताई ओगले मटार सोलत राहिल्या.

मिरजेतल्या त्यांच्या घरी रविवारी दुपारी असं कुणी ना कुणी येऊन बसायचं. ताईंचा उभा जन्म पाठ्यपुस्तकांची हस्तलिखितं तपासण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'ठेवा'चं काम अंगावर घेतलं.

'ठेवा' हा एक प्रोग्राम. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार, त्यांनी आधी आपल्या आवाजात काही वाक्यं वाचून ठेवायची. मग पुढे फोनवर टाइप केलं की फोन त्यांच्याच आवाजात बोलतो. त्यावर कुणाची मालकी नाही, त्याला पैसे पडत नाहीत. तो बनवणारी माणसं नोकरीधंदा सांभाळून, आपखुशीने काम करणारी. तो कसा वापरायचा हे समजावणारी पानं लिहिणारीही तशीच. ज्याला सुचेल त्याने लिहावं, ज्याला खटकेल त्याने सुधारावं.

श्रीनाथला फार खटकलं होतं. पुण्याच्या एका कंपनीत अशी माहिती लिहिणं हाच त्याचा पेशा. 'ठेवा'चं पहिलं पान त्याने मुळापासून नवं लिहिलं. अघळपघळ होतं ते छाटलं, बोजड होतं ते सुटसुटीत केलं. सगळ्यांनी वाहवा केली. ताई तेवढ्या काही बोलल्या नाहीत.

त्यांचं ते न बोलणं त्याला महिनोन्महिने टोचत होतं. शेवटी तो लॅपटॉप घेऊन मिरजेला आला.

"मोठ्याने वाच," ताई म्हणाल्या.

श्रीनाथला बरं वाटलं. दाराजवळच्या बाकावर एक जोडपंही बसलं होतं. बाई पदर सावरून, पुरुष गळ्याला पांढरा रुमाल बांधून. ऐकणारे आणखी दोघे असले तर काय वाईट?

त्याने वाचलं.

"'आपला आवाज जपून ठेवणं अगदी सोपं आहे. फक्त माइक सुरू असल्याची खात्री करा आणि समोर दिसणारी वाक्यं वाचा. हां हां म्हणता काम होईल. हे पान वाचल्यावर कुणालाही काहीही विचारावं लागणार नाही.'"

"शेवटचं वाक्य पुन्हा."

ते त्याचं लाडकं वाक्य होतं. त्याने ते जरा रंगवूनच वाचलं.

बाकावरच्या बाईने मान खाली घातली.

"ही मालन चौगुले," ताई म्हणाल्या. "आणि हे तिचे यजमान, परसू. सांगलीला हळदीच्या सौद्यात बोली पुकारायचे. पेठेच्या त्या टोकाला ऐकू जायचं, म्हणतात."

परसूने हात जोडले. श्रीनाथनेही जोडले.

"मालन, तू हे पान वाचलं होतंस ना? सांग याला."

"ऱ्हाऊ द्या की ताई. झालं गेलं."

"सांग."

मालन जरा वेळ पदराशी चाळा करत राहिली.

"दुसऱ्या दिवशी ह्यांचं ऑपरेशन हुतं," ती म्हणाली. "दवाखान्यातल्या एका बाईनं फोनात हे घालून दिलं आन् म्हणाली, आज सांजच्याला आवाज भरून ठेवा. आम्ही दोघं व्हरांड्यात बसलो. मी पान वाचलं. दाबायचं ते दाबलं. हे बोलाय लागले. पर ती आवाजाची रेघ हलंचना."

"माइकला परवानगी दिली नसेल," श्रीनाथ पटकन म्हणाला. "सेटिंगमध्ये जाऊन..."

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. 

"हे म्हणाले, मोठ्यानं बोलतो. मोठ्यानं बोलले. घसा फाटस्तवर बोलले, साहेब. तरी न्हाई हलली. मग म्या पान परत वाचलं. परत, परत. त्यात सोपं हाय म्हणून लिवलेलं. म्हणलं, सोपं आसून मला जमंना, म्हंजे माजंच डोकं चालंना."

"अहो, पण खाली फोन नंबर होता. तुम्ही विचारायचं होतंत..."

"विचारावं लागत न्हाई, आसं लिवलं हुतं." मालन अजिबात रागावली नव्हती. "मग विचारायचं कसं?"

श्रीनाथने पडद्यावरच्या त्या वाक्याकडे पाहिलं.

"हे म्हणाले, मिटव तो फोन. आपल्यासारख्यांचं काम न्हवं ते. म्या मिटवला."

...

श्रीनाथला एक वाक्य आठवलं. जुन्या पानावरचं. कागलच्या कुणा मगदुमांनी लिहिलेलं. टायपिंगचे क्लास घेणारा माणूस, स्वतःच्या आईचा आवाज त्याने 'ठेवा'त साठवला होता. पानभर आईच्याच गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. मध्येच कुठेतरी लिहिलं होतं, 'रेघ हलली नाही तर घाबरू नका. माझीही हलली नव्हती. मला फोन करा, आपण दोघं मिळून बघू.'

ते वाचताना त्याला हसू आलं होतं. ही काय माहिती लिहायची रीत झाली? त्याने ते वाक्य निवडून काढून टाकलं होतं.

मगदुमांनी त्यानंतर काही लिहिलं नाही. का लिहिलं नाही, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

परसूने खिशातून फोन काढला. सावकाश एकेक अक्षर दाबलं. मग फोन पुढे धरला.

"चांगलं लिहिलं आहे," फोन म्हणाला.

आवाज फोनमधलाच तयार होता, स्वच्छ, कमावलेला, बातम्या देणाऱ्या माणसासारखा. त्यात ना सांगली होती, ना हळदीची पेठ. परसू श्रीनाथकडे बघून हसला. हसण्याचाही आवाज आला नाही.

मालनने मात्र तोंड फिरवलं.

"अजून सवय होत न्हाई," ती हळूच ताईंना म्हणाली. "घरात परका माणूस बोलतोय आसं वाटतं. धाकटी तर ह्यांनी हाक मारली की ओच देत न्हाई. ह्यो आवाज जरा तरी ह्यांच्यासारखा करता येतो का, तेवढं विचारायला आलो हुतो."

ताईंनी मटारची परात बाजूला सरकवली. उठून मालनजवळ गेल्या. तिचा हात हातात घेतला.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "आता नाही येत."

मालनने मान डोलावली. तिला ते ठाऊक असावं.

श्रीनाथ लॅपटॉपशी बसला. 'अगदी सोपं' काढलं. 'फक्त' काढलं. 'हां हां म्हणता' काढलं. परवानगी कुठे द्यायची ते एकेक पायरी करून लिहिलं. मगदुमांचं वाक्य शोधून जसंच्या तसं परत ठेवलं. शेवटी आपलं लाडकं वाक्य पुसलं. पण आता कितीही सुधारलं तरी समोर बसलेल्या माणसाचा आवाज परत येणार नव्हता.

एस.टी.ची वेळ झाली तसं जोडपं उठलं. श्रीनाथ त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेला.

"वहिनी, चूक माझी होती. तुमची नव्हे. ते पानच चुकीचं होतं."

"आसं काय बोलता, दादा?" मालन त्यालाच समजावू लागली. "तुम्ही सोपंच लिवलं हुतं की. बाकीच्यांना जमलंच आसंल. माजीच अक्कल कमी पडली. ह्यांचा आवाज माज्या हातनं गेला."

"नाही हो... ऐका तरी..."

"जीवाला लावून घेऊ नका," ती म्हणाली.

परसूने फोन काढला होता, पण काही न लिहिता तो पुन्हा खिशात ठेवला. दोघं स्टँडच्या रस्त्याला लागली.

श्रीनाथ बराच वेळ फाटकाशी उभा राहिला. मग आत आला. ताई पुन्हा मटार सोलायला बसल्या होत्या.

"ताई..."

ताईंनी वर पाहिलं. त्यांचे डोळे ओले होते.

"मी परोपरीने सांगितलं. चूक पानाची होती म्हटलं, माझी होती म्हटलं. पण त्या ऐकतच नाहीत. अजून स्वतःलाच दोष देताहेत." त्याने लॅपटॉप मिटवला. "त्यांना समजतच नाही..."

ताईंनी हातातली शेंग परातीत ठेवली.

"तुझं पान तिला नीट समजलंय, श्रीनाथ."