खानावळीमागचा ढीग

फणसाच्या राईत माणसाचं पाऊलही पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. तिथे जांबी अस्वलीण खानावळ चालवायची. जेवण झकास, पण मागे फणसाच्या साली, उष्टं आणि फुटक्या मडक्यांचा एवढा ढीग साचला की गिऱ्हाइकं नाक दाबून परत फिरू लागली. खानावळ बंद पडायची वेळ आली, तेव्हा कुठे जांबीने ढीग उचलायचे दर मागवले.

कोल्होबा नाकावर शेपटी धरून दारातूनच म्हणाला, "जांबीताई, खेपेला फक्त चमचाभर मध! इतकं स्वस्तात कोण करणार?"

जांबी हो म्हणणारच होती, तेवढ्यात तिची नजर त्याच्या टोपलीवर गेली. टोपली जेमतेम करवंटीएवढी! अशा खेपा घालत बसला असता, तर तिचा वर्षाचा मध संपला असता.

"बाई, आधी ढीग तरी दाखवा," भुजंगराव रानडुक्कर मागून गुरगुरले. त्यांनी सगळा ढीग उकरून पाहिला. "साली-उष्टं मी खाईन, त्याचं काही नको. खापरं लांब टाकायची, त्याचं सगळं मिळून एक मडकं मध. आणि उद्यापासून खापरं वेगळी ठेवा, तोंड कापतं माझं."

दुपारपर्यंत अंगण लख्ख झालं. जांबीने कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

कोल्होबा फणकारला, "माझा दर तर चमचाभरच होता!"

"होता ना," जांबी हसली. "पण तो सांगताना तुझी शेपटी नाकावर होती, भाऊ. भुजंगरावांचं नाक ढिगात होतं."