मुंगीचं टिंब

एक होती मुंगी. राहायची कुठे? पहिलीच्या वर्गात, फळ्याखालच्या फटीत.

सोमवारी बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात एक शब्द लिहिला. म्हणाल्या, "हा आठवड्याचा शब्द. शनिवारी सगळ्यांनी मोठ्यानं वाचायचा!"

लिहिता लिहिता बाई हळूच पुटपुटल्या होत्या, "मुंगी." मुलांना ऐकू गेलं नाही. मुंगीला गेलं.

"अबब! मी? फळ्यावर?"

मुंगी तुरुतुरु वर चढली. डोळे भरून बघत बसली. इतक्यात डस्टर आलं. फर्रर्र! बाजूची बेरीज पुसली. बेरजेबरोबर टिंबही पुसलं. उरलं काय?

मुगी!

"मुगी? मुगी म्हणजे कोण? मुगाच्या डाळीची बहीण?" मुंगी रडकुंडीला आली. "शनिवारी सगळे मला मुगी म्हणतील!"

मुंगी गेली खडूकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"खडूदादा, खडूदादा, टिंब दे ना!"

खडू म्हणाला, "पाण्याची बाटली लवंडली. मी झालो ओलाचिंब. ऊन मला वाळवेल, तर टिंब देईन."

मंगळवारी मुलांनी चिंचोके मोजले. एक, दोन, तीन... थेट वीस! "अबब! माझे पाय तर सहावरच संपतात!" मुंगी बघतच राहिली. मग गेली अंगणात. तुरुतुरु, तुरुतुरु.

"उन्हा रे उन्हा, खडूला वाळव ना!
खडू टिंब देईना,
मला नाव मिळेना!"

ऊन म्हणालं, "खिडकी बंद. आत येऊ कसं? खिडकी कडी काढेल, तर खडू वाळवीन."

बुधवारी मुंगी गेली खिडकीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"खिडकीताई, खिडकीताई, कडी काढ ना!
ऊन खडू वाळवीना,
खडू टिंब देईना,
मला नाव मिळेना!"

खिडकी म्हणाली, "कडी माझी उंच उंच. कुणाचा हात पोचत नाही. स्टूल पुढे सरकेल, तर कडी काढीन."

गुरुवारी बाईंनी वाटीवरचं फडकं उचललं. आत मटकी होती. मटकीला मोड आले होते! पांढरे, इवले इवले. मुलं वाटीवर वाकली. मुंगीसुद्धा वाकली. कोरड्या दाण्यात एवढं लपलेलं असतं? तोंडात बोट घालावं, तर कुठल्या पायाचं घालावं ते तिला कळेना!

मग ती गेली स्टुलाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"स्टूलकाका, स्टूलकाका, पुढे सरका ना!
खिडकी कडी काढीना,
ऊन खडू वाळवीना,
खडू टिंब देईना,
मला नाव मिळेना!"

स्टूल म्हणालं, "डोक्यावर माझ्या पुस्तकं. केवढी जड! पुस्तकं खाली उतरतील, तर पुढे सरकेन."

शुक्रवारी मुंगी गेली पुस्तकांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. आता पायही दुखायला लागले होते.

"पुस्तकांनो, पुस्तकांनो, खाली उतरा ना!
स्टूल पुढे सरकेना,
खिडकी कडी काढीना,
ऊन खडू वाळवीना,
खडू टिंब देईना,
मला नाव मिळेना!"

पुस्तकं रुसून म्हणाली, "आम्हाला कुणी वाचतच नाही. कुणीतरी वाचेल, तर खाली उतरू."

शनिवार उजाडला. सकाळची शाळा. घंटा झाली, घण घण घण! पहिल्या बाकावर बसली होती अवंती. मुंगी गेली तिच्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"अवंतीताई, अवंतीताई, पुस्तक वाच ना!
पुस्तकं खाली उतरेनात,
स्टूल पुढे सरकेना,
खिडकी कडी काढीना,
ऊन खडू वाळवीना,
खडू टिंब देईना,
मला नाव मिळेना!"

अवंतीनं मान खाली घातली.

"मला नाही गं वाचता येत. थोडी अक्षरं ओळखते, पण वाचता फक्त माझं नाव येतं."

"मग तेच वाच ना!"

अवंतीनं वहीवर बोट ठेवलं. "अ... वं... ती." पुन्हा बोट मागे गेलं. "वंऽऽ... अय्या! माझ्या नावातपण टिंब आहे!"

तिनं नाकाला हात लावला. "वंऽऽऽ." नाक गुणगुणलं.

"मुंगे, मुंगे, टिंब नाकात वाजतं!"

मग तिनं वर पाहिलं. सगळ्यात वरचं पुस्तक. त्यावर तीन अक्षरं. एकावर टिंब.

"प... तं... ग. पतंग? पतंग!"

अवंतीचे डोळे एवढे मोठे झाले. काल तिथे नुसत्या रेघा होत्या. आज त्या रेघांतून पतंग निघाला होता!

"वाचलं हो, हिनं वाचलं!" पुस्तकं ओरडली.

पुस्तकं खाली उतरली, टुण टुण टुण!
स्टूल पुढे सरकलं, खर्रर्र!
बाईंनी स्टूल धरलं, अवंती चढली वर.
खिडकीनं कडी काढली, खट्ट!
उन्हानं खडू वाळवला, लख्ख!
आणि खडूनं टिंब दिलं. कुणाच्या हातून? अवंतीच्या. टक्!

बाई म्हणाल्या, "चला, वाचा बरं!"

मुंगीनं श्वास रोखला.

अवंतीनं सुरुवात केली. "मुं..."

"...गी!" सगळा वर्ग ओरडला. "मुंगी! मुंगी! मुंगी!"

एवढंसं टिंब, आणि तीस नाकं एकदम गुणगुणली. मुंगीच्या अंगावर काटा आला. एवढ्या मोठ्या शाळेत, एवढ्या मोठ्यानं, तिला कुणी हाक मारली नव्हती.

ती फळ्याच्या कडेवर ताठ उभी राहिली. अंगातला सगळा जोर लावला आणि ओरडली,

"हजर, बाई!"